नमुन्यादाखल सही

८ सप्टेंबर, सोमवार

आज माझी दखल घेतली गेली. उशिरा, पण घेतली गेली.

एचआरच्या विजयश्री मॅडम स्वतः शॉपवर उतरल्या आणि सगळ्यांदेखत मला केबिनमध्ये घेऊन गेल्या. गेटवरच्या फळ्यावर रोजचा सुविचार कोण लिहितं, असं त्यांनी सिक्युरिटीला विचारलं होतं म्हणे. मी लिहितो. दोन रंगांचे खडू, ऱ्हस्व-दीर्घ चोख, ओळ तिरकी जाऊ नये म्हणून आधी दोरा धरून खूण. मॅडम म्हणाल्या, मारुतराव, तुमच्या शब्दाला इथं वजन आहे. (आहेच.) आता रोज जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग रूममध्ये बसायचं. कामगारांच्या मनातले प्रश्न ऐकायचे, उत्तरं द्यायची. आपली किंमत काय, आयुष्यात निर्णय कसे घ्यायचे, मोटिव्हेशन कुठून आणायचं, असं सगळं. पदाचं नाव मेंटॉर.

मी आयटीआय केलेलं नाही. कचऱ्यात टाकलेली ड्रॉइंगं घरी आणून, उलटीसुलटी करून वाचायला शिकलो. तो माणूस आज चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि वर मेंटॉर.

कस्तुराला सांगितलं. बायको म्हणून तिला जास्त आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, पगार वाढला का? मी म्हणालो, मान वाढला. ती म्हणाली, बरं, मग जाऊन मानानं दूध घेऊन या.

१० सप्टेंबर, बुधवार

पहिले प्रश्न आले. पेंट शॉपचा एकजण म्हणाला, अण्णा, घरात मला काडीची किंमत नाही. मी त्याला शास्त्रीय उत्तर दिलं. व्हर्नियर हातात घेतला की आधी झीरो बघतात. झीरोच चुकला असेल तर पुढचं प्रत्येक माप चुकणार. तसं माणसानं आधी स्वतःचा झीरो सेट करावा. त्यानं डबा बाजूला ठेवला. म्हणाला, म्हणजे घरी जाऊन करू काय? मी म्हणालो, तेच.

समाधानानं गेला. डबा विसरून गेला, इतका विचारात पडला होता.

दुसऱ्यानं विचारलं, सकाळी उठवत नाही, काय करावं? मी म्हणालो, उठायचं कशासाठी हे ठरवा, डोळे आपोआप उघडतात.

११ सप्टेंबर, गुरुवार. सुट्टी.

काल दिलेलं उत्तर स्वतः आचरणात आणायचं म्हणून पहाटे उठून दत्तगड चढायचा संकल्प होता. उठलो तेव्हा कस्तुराच्या कुकरची दुसरी शिट्टी होत होती. मेंटॉरला मानसिक श्रम पडतात. ते शरीर वसूल करतं. उद्यापासून नक्की.

१५ सप्टेंबर, सोमवार

खंडेनवमीच्या यंत्रपूजेची तयारी यंदा मॅनेजमेंटनं मनावर घेतलेली दिसते. आजवर नवमीच्या आदल्या दिवशी हवेची नळी मारली, हळदकुंकू लावलं, झालं. यंदा पंधरा दिवस आधीच बाहेरची माणसं येऊन मशिनी धूत आहेत. उघड्या भागांना गंज न लागणारं ग्रीस. प्रत्येक मशिनीवर पिवळ्या पेंटनं आकडा. (आकडे लावताना पाच नंबरची शेपटी उलटी काढली. दाखवून दिलं. त्या माणसानं आभार मानले नाहीत.) फाउंडेशनचे बोल्टसुद्धा ढिले केलेत, खालची धूळ निघावी म्हणून. असा बारकावा मला आवडतो.

नवनाथ त्याच्या ग्राइंडरपाशी उभा होता. परभणीकडचा, दिघीत आमच्याच गल्लीत राहतो. गडी कामाला वाघ, पण शंकेखोर. म्हणाला, अण्णा, पूजेला बोल्ट कशाला सोडवायलेत? मी म्हणालो, श्रद्धा असली की माणूस खोल जातो.

१७ सप्टेंबर, बुधवार

नोटीस लागली. स्वेच्छा निवृत्ती योजना. ज्याला हवं त्यानं सही करावी, ठरलेली रक्कम घ्यावी आणि नोकरी सोडावी. काही लाइनी दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लांटला जाणार आहेत. 'निवृत्ती'मधली पहिली वेलांटी दीर्घ काढली होती. पेनानं दुरुस्त केली.

ट्रेनिंग रूमबाहेर आज रांग. सगळ्यांचा एकच प्रश्न. मॅडमनी मला आधीच समजावलं होतं की हा नोकरीचा नाही, स्वातंत्र्याचा विषय आहे. मी तसंच मांडलं. म्हणालो, पिंजऱ्याचं दार उघडलं तर पोपटानं दाराला दोष देऊ नये. मागून कुणीतरी म्हणालं, पोपट बोलला. हशा झाला. वातावरण हलकं ठेवणं हे मेंटॉरचं कामच आहे.

सुट्टी संपताना युनियनचे बबनराव आले. शेजारच्या गावचे, जुने. कंपनी उभी आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या बापाचा होता. दारातूनच म्हणाले, मारुतराव, यंत्रं उचलून न्यायलेत ह्ये तुमास्नी दिसंना व्हय? एकानं बी सही केली न्हाई तर त्यांना आपल्यासंगं बसावं लागंल. नव्या प्लांटात जागा द्यावी लागंल. पर एक जरी फुटला, तर बाकीचे मेंढरावानी मागं जात्याल. तुमी फकस्त गप ऱ्हावा. येवढं करा.

मला गप राहायला सांगणारा पहिला माणूस. मत्सर आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी चहा मागवला. बशीसकट. म्हणाल्या, लोक गोंधळलेत, पहिली सही मेंटॉरची दिसली तर त्यांना धीर येईल. फक्त फॉर्मॅलिटी.

मी अडाणी नाही. आधी विचार केला. लाइन सुरू करताना पहिला नग काढतात, इन्स्पेक्टर तो तपासतो, ओके करतो आणि मास्टर म्हणून बाजूला ठेवतो. पुढचे नग त्याच्याशी ताडून बघायचे. मास्टर नग कधी डिस्पॅच होत नाही. तो कपाटात राहतो, मखमलीवर. तशी ही माझी सही. नमुन्यादाखल. हे मॅडमना बोलून दाखवलं नाही, कारण जाणकाराला सांगावं लागत नाही.

सही झोकदार आली. खाली दोन टिंबं.

बाहेर पडल्यावर चालण्यात एक वेगळीच ऐट आली होती. जिन्यात बबनराव भेटले. त्यांनी वाट दिली.

२० सप्टेंबर, शनिवार

नवनाथ संध्याकाळी घरी आला. चप्पल दारातच ठेवून उंबऱ्याशी बसला, वर येईना. कस्तुरानं चहा दिला तो तसाच हातात. म्हणाला, अण्णा, मला ग्यान देऊ नका. सही करू का नको करू, येवढंच सांगा. पोरीची दहावी आहे. गावाकडं जायला तोंड नाही, तिथं दोन भाऊ आधीच एकाच वावरात पाय अडकवून बसलेत. बबनराव म्हणतेत थांब. बायकोला अजून काही सांगितलं नाही.

मी म्हणालो, नवनाथ, तुझी किंमत कंपनी ठरवणार की तू?

तो म्हणाला, मी ठरवली तर किराणावाला ऐकंल का?

याला म्हणतात नकारात्मक विचार. मी नव्यानं सुरुवात केली, झीरोपासून. त्यानं मला मध्येच थांबवलं. म्हणाला, तुम्ही केली का सही? मी म्हणालो, केली. पहिलीच.

तो उठला. मग झालं, म्हणाला. तुम्ही मायक्रॉनला सोडत नाहीत. तुम्ही केली म्हणजे बघूनच केली असंल.

उत्तर द्यावंच लागलं नाही. माझ्या नुसत्या आचरणानं एका माणसाचा निर्णय झाला. नमुना कशाला म्हणतात हे तेवढं त्याला सांगायचं राहिलं. पण तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता, आणि हाका मारणं मला शोभत नाही.

कस्तुरा भांडी घासता घासता म्हणाली, त्याच्या लेकराचं बघा, तुम्ही काहीतरी करून बसाल. मी म्हणालो, करून बसलो नाही, करून दाखवलं. तिनं नळ मोठा केला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल नवनाथनं सही केली. आज दुपारपर्यंत ग्राइंडिंगच्या सगळ्यांनी. मग पेंट शॉप. माझं नाव घेऊन लोक सही करत होते, असं मॅडम म्हणाल्या. अण्णांनी केली ना, द्या पेन. हे ऐकून ऊर भरून आला.

बबनराव कँटीनमध्ये समोर येऊन बसले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ते म्हणाले, लई गुणी मानूस तुमी. नगात केसावढी चीर असली तर उजेडात धरून दावायचा. ताट सारून उठून गेले. अर्धी भाकरी तशीच.

मेंटॉरशिपबद्दल कधीतरी त्यांच्याशी सविस्तर बोललं पाहिजे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कंपनीच्या बसमध्ये खिडकीची सीट मिळाली. मिळाली म्हणजे, कुठलीही मिळाली असती. ड्रायव्हरनं गाणी लावली नाहीत. दिघीच्या स्टॉपला मी एकटाच उतरलो.

कस्तुरा म्हणाली, हल्ली तुमच्या शर्टाला तेलाचा डाग लागत नाही. मी म्हणालो, पद वाढलं की डाग कमी होतात. ती शर्ट उलटा करून बघत राहिली.

ट्रेनिंग रूममध्ये आज कुणी आलं नाही. याचा अर्थ प्रश्न सुटले. स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहिला, सवय मोडू नये म्हणून. उत्तर सुचेपर्यंत सुट्टी संपली.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

झेंडू, नारळ, आंब्याची पानं, सगळं घरून नेलं. शॉपचं दार ढकललं.

मशिनी नव्हत्या. रात्रीत ट्रेलर भरून गेल्या. फरशीवर त्यांच्या आकाराचे काळे चौकोन, मधोमध तेलाचे ओघळ, आणि जमिनीतून वर आलेले बोल्ट. बोललं की आवाज घुमत होता, म्हणून बोललो नाही.

पण मुहूर्त टाळणं मला जमत नाही. नवनाथच्या ग्राइंडरच्या जागी बसलो, चारही बोल्टांना हळदकुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं. नारळ फोडायला कोपरा शोधला. प्रसाद वाटायला सिक्युरिटीवाला सोडून कुणी नव्हतं. त्यानं खोबरं खिशात टाकलं.

जुन्या मशिनी जातात तेव्हाच नव्या येतात. हा नियम आहे. लिहून ठेवतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेटवर कार्ड लागलं नाही. चिप मळली असेल म्हणून रुमालानं पुसलं, फुंकर मारली, उलटं धरलं. सिक्युरिटीवाला म्हणाला, अण्णा, कशाला त्रास करून घेता? सही केलेल्यांची कार्डं बंद झालीत. यादीत तुमचं तर नाव पहिलं.

मॅडमना फोन लावला. त्या नव्या प्लांटला पोचल्या होत्या. माझ्या सहकार्याबद्दल त्यांनी कंपनीतर्फे आभार मानले. मी शांतपणे सांगितलं की ती सही नमुन्यादाखल होती. त्यांनी विचारलं, नमुन्यादाखल म्हणजे? मी पहिल्या नगाची पद्धत पहिल्यापासून समजावली. मास्टर नग डिस्पॅच होत नसतो, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मारुतराव, आवाज तुटतोय.

माझा आवाज तुटत नव्हता. मला नीट ऐकू येत होता.

फळ्यावरचा सुविचार पुसलेला होता. घरी नेहमीच्या वेळी पोचलो. मधला वेळ कुठं काढला ते इथं लिहिण्याची गरज नाही. कस्तुरानं विचारलं, कसा गेला दिवस? मी म्हणालो, धावपळ.

६ ऑक्टोबर, सोमवार

युनिफॉर्म घातला, डबा घेतला, बसच्या वेळेला घराबाहेर पडलो. नवनाथची बायको नळावर होती. म्हणाली, अण्णा, ह्यांना सांगा ना, ओव्हरटाइम जरा कमी करा. गुरुवारी सुट्टी असून पण गेले. जेवण जाईना त्यांना.

मी म्हणालो, सांगतो.

चालत भोसरीला गेलो. तळ्याजवळच्या बागेत ओळखीचं कुणी नसतं, असा माझा अंदाज होता. बाकावर नवनाथ बसला होता. कंपनीचाच शर्ट, इस्त्री केलेला. पलीकडे पेंट शॉपचा तो, ज्याला घरात किंमत नव्हती. झाडामागे ग्राइंडिंगचे अजून दोघं. सगळे युनिफॉर्ममध्ये. कुणी कुणाला नमस्कार केला नाही. सरकून मला जागा केली.

जेवणाची वेळ झाली. भोंगा नव्हता, तरी सगळ्यांनी एकदमच डबे उघडले.

काहीतरी बोलायला हवं होतं. चार माणसं, माझ्या शब्दावर इथं आलेली. मी घसा खाकरला. धीराचं एक वाक्य अगदी ओठावर होतं, शुद्ध, मोजून-मापून घेतलेलं.

नवनाथनं माझ्या पोळीवर लोणच्याची फोड ठेवली.

म्हणाला, अण्णा, गप जेवा.