अडवलेली गाडी

दादा,

भूकंपानंतर पुलाच्या खांबांना तडे दिसले आणि इंजिनिअर म्हणून मी पूल बंद केला. तेवढ्यात तू आईला गाडीतून घेऊन आलास. तिला धाप लागली होती आणि दवाखाना नदीपलीकडे होता.

"अगं, आपली आई आहे! एवढी एक गाडी सोड."

"वळसा घालून वरच्या पुलाने जा," मी म्हणाले.

वाटेतच ती गेली.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जेवता जेवता उठते आणि पुलापाशी जाऊन उभी राहते. काल तपासणी झाली. त्या दिवशी एक गाडी सहज गेली असती म्हणे.

हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले. पण उद्या तसेच तडे दिसले तर मी पुन्हा अडवीन, दादा, तुझीसुद्धा गाडी. हे वाक्य खोडवत नाही, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझी धाकटी