दोनशे सत्याहत्तर नंबरचं कार्ड

९ जानेवारी, गुरुवार
आलं! ओहायोवाल्याचं पाकीट आलं! एकवीस दिवस लागले. रिसेप्शनवरून फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या लॅबमध्ये टाइलचा निळा रंग जुळवत होते. नमुने तसेच टाकून पळाले. मागे सगळ्यांना वाटलं भट्टी बंद पडली.

आत कार्ड नं. २८८. कोपरे जरा मऊ, पण चेहरा स्वच्छ. मागे फिकट गुलाबी डाग. तेव्हा कार्डाबरोबर पाकिटात च्युइंगम मिळायचं, त्याचा तो सत्तावन्न सालचा डाग. वास घेऊन पाहिला. काही येत नाही, तरी दोनदा घेतला.

ओहायोवाला सुटं देत नाही, जोडीनेच घ्या म्हणाला, म्हणून बरोबर २७७ पण घ्यावं लागलं. ते माझ्याकडे आहेच. असू दे एक जास्तीचं.

तर १९५७चा बेसबॉल कार्डांचा सेट, एकूण ४०७. माझ्याकडे झाली ४०६. राहिलं फक्त नं. ३१२. त्यातला खेळाडू त्या वर्षी पहिल्यांदाच छापला गेला, म्हणून सगळे त्याच्या मागे. शिवाय २६५ ते ३५२ ही कार्डं मुळात कमी छापली गेली. म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, पण शेपूटच सगळ्यात जड.

१० जाने.
मकरंद जेवताना, "लोक दुबईला जाऊन सोनं घेतात. तू पुठ्ठे घे."
म्हटलं, सोनं कोणीही घेतं.
चार वर्षांपूर्वी शेजारचे अमेरिकन शिक्षक गाशा गुंडाळून गेले, तेव्हा ईरासाठी त्यांच्याकडून बेसबॉलचा ग्लोव्ह घेतला. त्याबरोबर बुटाच्या खोक्यात ही दीडशे कार्डं आली. लेक दोन सीझन खेळली आणि विसरली. आई अडकली ती अडकलीच.

१२ जाने., रविवार
मोठी बातमी! दुबईत ८ फेब्रुवारीला जुन्या खेळ-कार्डांचं प्रदर्शन. भरवणारा रॉडेल, फिलिपिन्सचा, आमच्या ऑनलाइन ग्रुपमधला. पूर्ण सेट असेल त्यालाच काचेचं कपाट आणि कपाटावर मालकाच्या नावाची पाटी. अपुऱ्या सेटवाल्यांनी टेबलावर बसायचं.

मला ती पाटी हवी आहे. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली. अठरा वर्षं झाली इथे रास अल खैमात. मी मकरंदची मिसेस, 'ईराज मॉम', लॅबमध्ये नुसतीच मॅडम. पीएच.डी. अर्धी सोडून आले. सतार अर्धी सोडली. अरबीचा क्लास तर दुसऱ्या धड्यातच. मेधा जोशीने एक गोष्ट शेवटापर्यंत नेली, असं कुठेतरी लिहिलेलं मला बघायचंय. एवढंच.

१८ जाने., शनिवार
दुबईत एकाकडे ३१२ आहे म्हणून तासभर गाडी हाणत गेले. वाटेत ईरा, "आई, प्लीज डोन्ट क्राय इफ इट्स फेक."
फेकच निघालं. माणूस सभ्य, चहा वगैरे दिला. कार्ड फारच देखणं होतं, तिथेच शंका आली. पर्समधून लॅबचं भिंग काढलं. खऱ्या कार्डावर चित्र ठिपक्यांचं असतं, पण नाव सलग शाईत छापलेलं. याच्यात नावसुद्धा ठिपक्यांचं. म्हणजे कोणीतरी कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलंय. दिवसभर टाइलवरच्या छपाईचे ठिपके बघते मी, मला काय फसवतोस!
बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं. उलट त्यानेच पत्ता दिला: खरं ३१२ दुबईतच, खाडीपलीकडच्या 'बर दुबई' भागात, मीना बाजारात लालवानी नावाच्या म्हाताऱ्या कापडवाल्याकडे आहे. विकत नाही म्हणे.
विकत नाही? बघू.

२० जाने.
आई आली पुण्याहून, दोन महिन्यांसाठी. चौऱ्याहत्तर वर्षांची, व्हीलचेअर नाकारून चालत बाहेर आली. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि स्वतःच्या पासपोर्टच्या सहा झेरॉक्स.
कार्डांची फाइल दाखवली. सगळी पानं उलटली तिने, एकही न गाळता. मग म्हणाली, "चारशे पुरुष जमवलेस. जावई काही बोलत नाहीत?"

२५ जाने., शनिवार
अक्षर बघ कसं आलंय.
बर दुबईला पार्किंग मिळणं अशक्य, म्हणून अलीकडे देअराला गाडी लावून अब्राने, म्हणजे इथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडली. लालवानीकाका ऐंशीच्या पुढचे. दुकानात अजून स्वतः कापड बेततात, डाव्या हाताने. पूर्वी तेलकंपन्यांतले अमेरिकन त्यांच्याकडे सूट शिवायचे. त्यातला एक जाताना कार्डांचा अल्बम देऊन गेला. बाकीची कार्डं वाटून टाकली, ठेवले ते फक्त डावखुरे. "मास्टरजी उलटे हाथ पे फुटपट्टी मारते थे. फिर ये देखा, पूरी टीम का हीरो उलटे हाथ वाला. ये सब मेरे भाई हैं."
आणि ३१२? तो डावखुरा नाही. देखणा आहे म्हणून ठेवला!
खरं आहे. भिंगाखाली पाहिलं. सलग काळी शाई. माझ्या तोंडून चक्क किंकाळी निघाली, गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.
"बेचने का नहीं है, बेटा. बदली करनी है तो बोलो." त्यांना हवंय एक डावखुरा गोलंदाज. त्यांच्याकडचा मधोमध दुमडलेला आहे. सुरकुती नसलेला पाहिजे. कुठला नंबर?
२७७!
जास्तीचा जो ओहायोवाल्याने माझ्या गळ्यात मारला तोच! नाचायचीच राहिले. पुढच्या रविवारी, २ तारखेला, देते म्हटलं. यल्ला, खलास, सौदा पक्का.
येताना अब्रात बसले नाही, उभीच राहिले. नावाडी ओरडला.

२७ जाने.
ओहायोचं २७७ फाइलमधून वेगळं काढून, पातळ कव्हरात घालून, जेवणाच्या टेबलावर फळांच्या परातीमागे ठेवलंय. येता-जाता दिसतं, बरं वाटतं. आईला बजावलं, "याला पाण्याचा थेंब, तेलाचा हात काही लागता कामा नये. लागलं की संपलं."
"एवढं नाजूक आहे होय," म्हणाली.

२९ जाने., बुधवार
लिहू की नको.
घरी आले. आई दारातच, चेहरा उजळलेला. "डोळे मीट." हातात काहीतरी गार, गुळगुळीत ठेवलं.
२७७. लॅमिनेट केलेलं.
खालच्या टायपिंग सेंटरमध्ये गेली होती एकटी. केरळच्या माणसाला हिंदीत समजावून, उभं राहून करून घेतलं. "पाच दिरहम घेतले मेल्याने, म्हणजे सव्वाशे रुपये. पण आता धू, पूस, शंभर वर्षं काही होत नाही."
मी काय बोलले ते लिहवत नाही, पण लिहिते. म्हटलं, माझं एम.एस्सी.चं सर्टिफिकेट असंच लॅमिनेट केलं होतंस. त्यावर इथल्या नोकरीसाठी शिक्का बसेना. युनिव्हर्सिटीतून नवीन येईपर्यंत आठ महिने घरी बसले. आता हेही. तू हात लावतेस त्याचं वाटोळं होतं.
शेवटचं वाक्य नको होतं. निघून गेलं.
आईने ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेली.

३० जाने.
लॅबमध्ये प्रयोग. जुनं निकामी कार्ड घेतलं, मुद्दाम लॅमिनेट केलं, टाइल वाळवायच्या ओव्हनमध्ये हळूहळू तापवलं. प्लास्टिक सुटलं आणि त्याला चिकटून अर्धा चेहरा आला. संपला विषय.
ओहायोवाल्याला मेल केला. आणखी २७७ नाही म्हणतो. असतं तरी एकवीस दिवस.
घरी आई भांडी घासत होती. डिशवॉशर असताना. ईरा माझ्या कानात, "आई, शी हॅजन्ट ईटन प्रॉपर्ली सिन्स येस्टरडे. फिक्स इट."

३१ जाने., शुक्रवार
अर्धा दिवस ऑफिस. दुपारी आईला घेऊन समुद्रावर गेले. मी माफी मागणार, तेवढ्यात तीच सुरू झाली. पानशेतच्या पुरात ती दहा वर्षांची. पाणी ओसरल्यावर आजोबा ट्रंक उघडून बसले होते. नोकरीचे कागद, तिचा शाळेचा दाखला, आजीचा एकुलता एक फोटो, सगळ्याचा लगदा. "बाबा तो लगदा उन्हात वाळत घालत होते गं. चार दिवस. म्हणून माझ्या हाताला ती खोडच लागली. तुझं काही पुसलं जाऊ नये एवढंच असतं डोक्यात."
ही गोष्ट मला त्रेपन्नाव्या वर्षी कळतेय.
मी रडले. तीही. मग कणसं खाल्ली, तिने दोन.

२ फेब्रुवारी, रविवार
आई म्हणाली, मीच येऊन सांगते त्यांना. अब्रात तिने माझा दंड धरला होता, तरी खाली वाकून खाडीत हात बुडवलाच.
लालवानीकाकांनी कार्ड घेतलं, नखाने टकटक केलं. "ये तो एमिरेट्स आयडी बन गया!" आणि पोट धरून हसले.
आई, तिच्या खास हिंदीत: "मैंने किया. इसको मत बोलो, मेरेकोच बोलो."
काका तिला खुर्ची देत म्हणाले, "बोलना क्या, बहनजी. लेकिन ये नहीं चलेगा. मुझे तो पुठ्ठे को हाथ लगाना होता है." बरोबरच आहे त्यांचं. मीही नसतं घेतलं.
माझ्या पर्समध्ये दुसरं २७७ होतं. माझं स्वतःचं, सेटमधलं, खोक्यातून आलेल्या पहिल्या दीडशेतलं. सकाळी फाइलमधून काढून घेतलं होतं, पण देईन की नाही ठरलं नव्हतं. दिलं. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि डाव्या अंगठ्याने कड चाचपली. मला ३१२ मिळालं.
तीनशे बारा!!! माझ्या हातात!! परतताना आईला तीनदा दाखवलं. "नाकेला आहे," म्हणाली, "पण केस विंचरायला हवे होते."
घरी येऊन फाइलमध्ये लावलं. २७७च्या खणात लॅमिनेटवालं. कव्हरात मावेना, कडा बाहेर. तसंच बसवलं. एक ते चारशे सात, मोठ्याने मोजली, मकरंद टिकमार्क करत होता. मध्येच तोही उभा राहिला. ४०७! मी किंचाळले, ईरा खोलीतून पळत आली, आईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

४ फेब्रु.
रॉडेलचा फॉर्म आला. कार्डात कसलाही फेरफार असेल तर कळवावा. अशा कार्डासह सेट पूर्ण धरायचा की नाही, ते कमिटी प्रदर्शनाच्या सकाळी ठरवेल.
मकरंद म्हणाला, "न सांगता ठेव. काचेमागे कोणाला कळतंय?"
मला कळतंय ना. खोटं ३१२ भिंगाने पकडणारी मी, आणि आता हे लपवू?

६ फेब्रु.
आई फॉर्म बघायला शेजारी बसली. "त्या खणात काही ठेवू नकोस. रिकामा ठेव. लोक हसतील तुला."
म्हटलं, रिकामा ठेवला तर ४०६.
तिने फॉर्मवरच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तर माझं नाव घाल तिथे. चूक माझी, तुझ्या नावावर नको."
घातलं. कार्ड क्र. २७७, लॅमिनेट केलेलं. कोणी केलं: श्रीमती सुमती केळकर, पुणे. पुढचा रकाना, फेरफाराचं कारण. मी तिच्याकडे पाहिलं.
"लिही, टिकावं म्हणून."
इंग्रजीत तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. रॉडेलचा लगेच फोन. "मॅडम, फर्स्ट टाइम आय ॲम सीइंग धिस. इज युअर सेट कम्प्लीट ऑर नॉट?"
कम्प्लीट, म्हटलं. आवाज माझ्याही अपेक्षेपेक्षा मोठा आला.

८ फेब्रु., शनिवार, दुबई
हॉलमधल्या खुर्चीवर बसून लिहितेय. सकाळी सहाला निघालो, चौघंही. ईराने स्वतः फाइल मांडीवर धरली, वाटेभर फोनला हात लावला नाही. आईने ठेवणीतली साडी आणि पायात ईराचे जुने स्पोर्ट्स शूज.
कपाट बघितलं. काच, आत पिवळा दिवा! सेट मांडलाय, ओळीने, अकरा फळ्या भरल्या. चारशे सात जण एकदम माझ्याकडे बघतायत. पाटीची जागा अजून कोरी आहे. शेजारच्या कपाटाचा मालक येऊन म्हणाला, असा भरलेला सत्तावन्न या भागात पाहिला नव्हता. मी त्याला अर्धा तास पकडून बोलले, बिचारा.
आता कमिटीचे तिघे आलेत. आठव्या फळीपाशी थांबले. एकाने भिंग काढलं. प्लास्टिकवर दिवा चमकतोय, त्यांना नीट दिसत नसावं. रॉडेल फॉर्म वाचून दाखवतोय, आईचं नाव अडखळत अडखळत. एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आईने बसल्या बसल्या त्याला नमस्कार केला.
"काय म्हणतायत गं?"
"अजून बघतायत."