कॉटच्या कडेला दहा मिनिटं

आई, तू असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं. मीच वाचून दाखवलं असतं आणि नको त्या ओळीला आवाज खाली नेला असता. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. आता कोल्हापुरात एका दवाखान्याच्या आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे काय करते, हे तुला समजावायला फार कष्ट पडणार नाहीत. माणूस पंधरा दिवस निपचित पडून राहिला की त्याच्या मांड्या नुसत्या कातड्यासारख्या लोंबतात, छातीत कफ साठतो आणि श्वासाचं यंत्र काढायला गेलं की दम पुरत नाही. म्हणून यंत्र चालू असतानाच त्याला कुशीवर वळवायचं, हातपाय हलवायचे आणि जमेल त्या दिवशी कॉटच्या कडेला पाय खाली सोडून बसवायचं. व्यायल्यावर खाली बसलेल्या, उठता न येणाऱ्या म्हशीचं तू हेच करायचीस. खाली पिंजर घालायचं, कूस पालटायची, पाय चोळायचे, पोटाखालून पोतं घेऊन चौघांनी उचलायचं. आपल्या गडमुडशिंगीत कुणाचंही जनावर बसलं की तुला बोलावणं यायचं आणि दुधाची किटली घेऊन मी तुझ्या मागं असायचे.

राधानगरीकडची एक बाई आमच्याकडे होती. तुझ्याच वयाची, म्हणजे तू असतीस तर. न्यूमोनियाचं विष रक्तात पसरलं होतं. गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, त्यामुळे आवाज नव्हता. मी तिला काकू म्हणायचे. तिला बसवायचं म्हणजे दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा आणि मी. सुरुवात करण्याआधी मी सगळ्या नळ्या तीन-तीनदा बघते. सिस्टर म्हणतात, “मॅडम, नळ्या लाजायला लागल्या आता.” गोठ्याची कडी लागली का बघायला मी पुन्हा पुन्हा जायचे तेव्हा तू ओरडायचीस, “झिजंल की गं ती कडी!” माझा स्वभाव बदलला नाही. घरी आल्यावरही मला वाटत राहतं की काहीतरी उघडं राहिलं.

पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं बसली, मान माझ्या खांद्यावर टाकून. मग चार. मग सात. तिचा नवरा, भातशेती करणारा माणूस, भेटायच्या वेळेला आत जायच्या आधी मला गाठायचा.

“ताई, आज किती?”

“सात मिनिटं, काका.”

“सात! काल चार हुती न्हवं?” आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या भावाला तिथूनच हाक, “सात बसली रं!” वॉचमन दटावायचा. काकांनी आपल्या मनाशी धरलं होतं की दहा मिनिटं बसली म्हणजे ती वाचली. मी सांगून पाहिलं की काका, असा काही नियम नसतो. “तुमास्नी ठावं न्हाय. आमच्या हिला दम लई हाय,” म्हणाला.

मग पुन्हा ताप चढला, मूत्रपिंडं थकली. सातावरून तीन, तीनावरून एक. बसवलं की ती माझ्याकडे बघून ओठ हलवायची. एकच शब्द, रोज तोच. घरी. मी म्हणायचे, हो काकू, आधी बसूया.

एका सकाळी तिला उठवलं आणि रक्तदाब कोसळला. मिनिटभराच्या आत आडवं करावं लागलं. त्याच दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं की आता ती यंत्रावरून उतरणं कठीण आहे. घरी न्यायचं असेल तर उद्या सकाळी गाडीतून, ऑक्सिजन लावून नेता येईल; घरच्यांत एखादा दिवस मिळेल. नाहीतर इथं चालू ठेवू. मी दारातच उभी होते, आई. मी सगळं ऐकलं होतं.

आता तुझी एक दुपार सांगते. मी सहावीत आहे. शेजारच्या आळीतल्या काकीची म्हैस बसून पाच दिवस झालेत. तू तिच्या मांडीवर तळहात दाबून बघतेस, खुरापाशी चिमटा घेतेस. काकी पदर तोंडाला लावून विचारते, “उठंल न्हवं गं?” तू हात पुसतेस. “न्हाय उठायची. आता हिची वढाताण करू नगासा. सावलीत ऱ्हाऊ दे, पाणी पाजा.” काकी तुला वाटेल ते बोलते. परत येताना मी म्हणते, “उठंल म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? रडत होती ती.” तू भर रस्त्यात थांबतेस. “माज्या शब्दावर तिनं आनखी आठ दिस त्या जनावराला फरफटवलं असतं. त्येचं दुखणं कुणी सोसायचं? तू?”

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर येऊन काकूंचा नवरा माझ्यासमोर उभा राहिला. “ताई, आज किती?” तेव्हा मला ती दुपार आठवली. आठवली, तरी मी म्हणाले, “दहा.”

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मग कशाला न्हेतोय मी? हितंच बरी हुईल. तुमच्या हाताला गुण हाय, ताई.” फाइलमध्ये मी खरं तेच लिहिलं होतं, मिनिटभराच्या आत थांबवलं म्हणून. ते त्याला कोण वाचून दाखवणार होतं?

त्यानंतर ती अकरा दिवस होती. नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले, कमरेखाली जखम. ती पुन्हा बसली नाही. मी रोज तिची कूस पालटायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचे. काही दिवसांनी ओठ हलायचेही थांबले. गेली तेव्हा भेटायची वेळ नव्हती. तो खाली चहाला गेला होता. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, घरी नेली असती तरी गेलीच असती. ते मलाही कळतं. पण घरी गेली असती.

त्याच्यासाठी खोटं बोलले, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तसंही नाही. तीन आठवडे तो माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता, त्या डोळ्यांनी बघणं थांबवू नये, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

परवा तो आला होता. पिशवीत नवा तांदूळ. “तिच्याच हातची लावण हाय. दुखण्यात पडायच्या आदी तिनंच लावल्याली.” मग म्हणाला, “तुमी लई केलंसा. धा मिनिटं बसवली की तिला.” मी सांगणारच होते. मी म्हणाले, “काका, चहा घेणार?”

हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. पत्ता फाइलवर आहे. तुला लिहिते, कारण तू उत्तर देणार नाहीस.

तो तांदूळ मी काल शिजवला. आई, भात फार चांगला झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.