चौदावी खाच

३ फेब्रुवारी
जानेत गावच्या सरकारी कचेरीतून राखणदाराची शिट्टी आली. फुंकतो, फुंकतो – आवाजच नाही! हा खडक, देशाचा सहा हजार वर्षांचा वारसा, माझ्या राखणीला, आणि त्यावर कुणी चढलं तर मी नुसते गाल फुगवायचे. आज चढल्या दोन शेळ्या. फुगवले. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

५ फेब्रुवारी
अल्जीयर्सहून पुराणवस्तूवाल्या वसीलाबाई आल्या. पोटावर पडून खडकावरच्या खाचा मोजल्या. जुन्या लोकांनी पाणी-वाळू घालून इथे दगडी कुऱ्हाडी घासल्या, त्या ह्या खाचा. "काका, चौदा!"
तेरा आहेत. चौदावी आमच्या मेरियामाची. तीस वर्षं तिथेच विळे घासायची – आपले, शेजारणींचे. मी त्यांना वहीत चौदा लिहू दिलं. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज बाई सहा हजार वर्षांची! ऐकलं असतं तर म्हणाली असती, "आणि तू काय, कोवळा?"
घरी येऊन हसलो. एकट्याने किती हसणार.

८ फेब्रुवारी
कुणी आलं नाही. शेळ्यासुद्धा.

११ फेब्रुवारी
कुंपण येतंय. लोखंडी! आत कुणी जायचं नाही, राखणदारानेही नाही. मी रोज त्या खाचेत बोट ठेवून बसतो. हे कोणत्या अर्जात लिहायचं?

१२ फेब्रुवारी
सांगून टाकलं. वसीलाबाईंनी भिंग लावलं. जुन्या खाचा आतून काळ्या, ही पांढरट. बाई कानापर्यंत लाल!
कचेरीतले साहेब म्हणाले, "पाटी रंगवून झालीय. चौदा म्हणजे चौदा."
"पण साहेब, ती माझी बायको –"
"मग अभिमान बाळगा की!"

१६ फेब्रुवारी
पाटी लागली – चौदा खाचा. कुंपणही लागलं. त्याच्या आखणीची दोरी वसीलाबाईंनीच धरली. मेरियामाच्या खाचेपाशी आल्या आणि दोरी हातभर आत वळवली. खाच राहिली बाहेर. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
संध्याकाळी एक प्रवासी गजांना नाक लावून मोजत होता. "अहो, तेराच दिसतात!"
"नीट बघा," म्हटलं.

१७ फेब्रुवारी
शेजारच्या तकामाचा विळा आमच्या दाराआड पडून आहे. मेरियामाने धार लावायला आणलेला – "उद्या देते" म्हणाली होती. तकामाने कधी मागितला नाही.
आज खाचेत पाणी-वाळू घातली. घासला. नेऊन दिला.
तिने पात्यावरून अंगठा फिरवला. "मेरियामाची धार वेगळीच होती हं."
"होती," मी म्हणालो.