मी मेलो तेव्हाची बातमी

प्रिय रेणू,

तू फोनवर त्या खोट्या बातमीचं विचारलं अन् तुझ्या आईनं फोनच ठेवून दिला, म्हणून रुसली असशील. रुसू नको, पोरी. विद्यापीठात तू पत्रकारितेचा अभ्यासक्रम बनवून राहिली, त्यात 'चुकीची बातमी छापली तर त्या घरी परत जा' हा धडा तुले पाहिजे. अन् समितीतले मोठे लोक म्हणतात, दोन ओळींचा खुलासा छापला का झालं, त्याले धडा कायले? म्हणून तू आपल्या घरची गोष्ट त्यांच्यापुढं मांडू म्हणते. माझी काही ना नाही. मी तर ती सेक्टर दोनच्या सगळ्या टपऱ्यांवर सांगून चुकलो.

पावर हाउसच्या चौकात ट्रकखाली गेला तो चरोद्याचा रामाजी, माझ्याच नावाचा. पेपरवाल्यानं नाव पाहिलं अन् पत्ता आपल्या क्वार्टरचा ठोकून दिला. घरी विचारायले आला असता तं त्याचे पाय झिजले असते का? तू तेव्हा तुमसरले आजीकडे होती. मी नाइट शिफ्ट करून, वांगे घेऊन आलो, तं दारात ही गर्दी! शेजारचा शालिकराम मले पाहून असा बोंबलला, का मी पोट धरून हसलो. लोक म्हणाले, मेल्याची खोटी बातमी आली का आयुष्य वाढते. वाढलंच म्हण ना, आरामात पेन्शन खाऊन राहिलो!

पण मी येईपर्यंत बायांनी तुझ्या आईच्या बांगड्या फोडल्या होत्या. कुंकू पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरवाला आला, माझा हसरा फोटो काढून घेऊन गेला. ती आतच होती. तिले कोणीच काही विचारलं नाही.

काल दुपारी डाळ निवडता निवडता ती एकाएकी बोलली. समितीपुढं ती स्वतः येणार आहे. फोनवर मी मस्करीच करतो म्हणून मले हे पत्र लिहायले बसवलं, अन् समोर बसून आहे. सोमवारच्या लोकलनं आम्ही येऊन राहिलो. मले ताकीद आहे, तिथं हसवायचं नाही, मधात बोलायचं नाही. नाही बोलत. इतकी वर्षं ही गोष्ट मीच सांगितली, रेणू. ती कशी झाली ते मलेही सोमवारीच कळेल.

तुझाच,
बाबा