वाकडं अक्षर

प्रिय टिल्ल्या,

पत्र ‘प्रिय’नं सुरू करायचं असतं, म्हणून मी तसं सांगितलं. लिहिणारा जरा थांबला, पण घातलं त्यानं. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे म्हणून नाक मुरडू नकोस, तुझ्या आजीला तेवढंही येत नाही. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, गोड करायचं नाही, अशी अट घातली आहे. तेव्हा शिव्या आल्या तर त्या माझ्याच समज.

इकडे ठीक. गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले. शेजारीण सुनेची गाऱ्हाणी घेऊन येते, मी सुनेची बाजू घेते, मग ती दोन दिवस फिरकत नाही. तेवढीच विश्रांती. पणतीचा फोटो मिळाला. नाक तुझं घेतलंय बिचारीनं, देव तिचं भलं करो. पुढचे दात पडलेत तरी तोंड भरून हसते. तुझी आई अशीच हसायची, हसायची तेव्हा.

तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं केलं, ते ऐकू येत नव्हतं म्हणून नाही. तू जिन्यात उभा होतास, आवाज घुमत होता. बायकोपासून काही लपवायचं असलं की माणूस जिना गाठतो, एवढं मला कळतं. परदेशात बारा वर्षं राबलास, आता तिथलाच नागरिक होण्यासाठी अर्ज भरतोयस, चांगलं आहे. त्यात विचारलंय, कधी शिक्षा झाली होती का. तू म्हणालास, ‘नाही’ लिहितो, जुने कागद एव्हाना वाळवीनं खाल्ले असतील. आणि मी वकिलाच्या कागदावर अंगठा उठवायचा, की माझा नातू कधी कुठल्या भानगडीत नव्हता. कागद आला. पोस्टमनकडून दोनदा वाचून घेतला. पिठाच्या डब्याखाली पडलाय, कोराच.

म्हणशील, म्हातारीला आता खरेपणाचा उमाळा आला. नाही रे. एकदा खोट्यावर अंगठा उठवलाय, म्हणून तर.

धुलाईचा कारखाना आठव. इस्पितळाच्या चादरी, सगळीकडे वाफ. तुझी आई चादरी दाबणाऱ्या गरम रोलरवर, मी घड्या घालायला, तू एकोणीस वर्षांचा, मशीनच्या बटणापाशी. आई तापानं तीन दिवस आली नाही, हजेरीवाल्यानं तिचं नाव खोडलं, काम गेलं. ती त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, बाई, नियम मी केलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात रोलरमध्ये चादर अडकली. मशीन बंद केलं होतं. हजेरीवाला स्वतःच वाकला, उजवा हात आत घालून चादर ओढायला लागला. तू बटण दाबलंस. कोर्टात मी सांगितलं, पोराची पाठ होती, त्याला दिसलं नाही, आणि खाली अंगठा दिला. निष्काळजीपणा ठरला, दीड वर्षात सुटलास. पाठ नव्हती, टिल्ल्या. तू वळून त्याच्याकडे आधी बघितलंस. मग दाबलंस. तो वाकलेला, त्याला काही कळलं नाही. बघणारी मी एकटी. पुढं वर्षानुवर्षं एका चुलीवरचं जेवलो. मी बोलले नाही, तू विचारलं नाहीस.

घरात तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा दुसरं काय सुचणार होतं मला? पण त्यातून तू एवढंच शिकलास की आजीचा अंगठा म्हणजे घरचा शिक्का, हवा तिथं मारा. आता नाही. त्या रकान्यात ‘होय’ लिही. कदाचित अर्ज फेटाळतील, कदाचित हाकलतीलही. तुझ्याबरोबर त्या दोघींची फरफट होईल, ते मला दिसतं. पण ‘नाही’ लिहून राहिलास, तर दारावरची बेल वाजली की जन्मभर जिन्यात पळशील. आणि बायकोला तूच सांग. बाहेरून कळलं, तर तुरुंगाचं ती एकवेळ पचवेल, लपवाछपवीचं नाही.

आता अक्षर वाकडं का, ते सांगते. शेजारणीची सून मोत्यासारखं लिहिते, पण मी तिच्याकडे गेले नाही. हजेरीवाला आता सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देतो. डाव्या हातानं. चाळिशीत गिरवायला बसला होता म्हणे. पहिल्या दिवशी मला ओळखून टेबल आवरलं आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बसा. वरची ओळ न् ओळ त्यानंच लिहिली आहे. ‘आधी बघितलंस’ इथं त्याचा हात थांबला. म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. इतकी वर्षं तो स्वतःलाच बोल लावत होता, की हात घालण्याआधी तुला ओरडून सांगायला हवं होतं. मग त्यानं ते लिहिलं. माफी मी मागितली नाही. ती मागणारी मी कोण? शेवटी त्यानं वेगळा कागद घेतला, चार-पाच ओळी लिहिल्या, सही केली, घडी घालून पाकिटात सारला. म्हणाला, त्याला अर्जाला जोडायचा तर जोडू दे, फाडायचा तर फाडू दे. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. जिन्यात उघडू नकोस. घरात बस, बायकोला जवळ बसव आणि मोठ्यानं वाच.

वकिलाला दिला नाही तो अंगठा खाली उठवलाय. शाई जरा पसरली आहे, पण माझाच आहे.

तुझीच,
आजी