पुस्तक की न्हावी

प्रिय लेमेलदादा,

आपले गुरू रेब्बे गेल्यापासून तुला करमत नसेल, हे मी जाणते. इतकी वर्षं त्यांच्या दाराशी बसून लोकांच्या चिठ्ठ्या आत न्यायच्या, आशीर्वाद बाहेर आणायचे, आणि आता ते दारच बंद. वहिनी लिहिते, तू नीट जेवत नाहीस. जेव रे बाबा. रेब्बे असते तर त्यांनीच दटावलं असतं.

इथे मात्र त्यांच्या शेवटच्या पत्राने आमच्या घराची जत्रा करून टाकली आहे. आमच्या पेर्लला दोन स्थळं आली होती. एक यांच्या पसंतीचा, आन्शेल. विद्वान आहे, नाही म्हणत नाही. पण मुलगी बघायला आला तेव्हा बिटाच्या सुपापासून माशापर्यंत त्याने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. मी चुकून त्याला दोनदा सूप वाढलं, तेही त्याला कळलं नाही. दुसरा गेट्झल न्हावी. गावाची डोकी त्याच्या हातात, आणि दुखरे दातही. तो असं काही बोलतो की माणूस हसायला तोंड उघडतो आणि दात बाहेर. पेर्लही त्याला दात दाखवून आली. तिच्या दाताला काहीही झालेलं नव्हतं.

यांनी आन्शेलच्या पुस्तकांचं कौतुक करत रेब्बेंना चिठ्ठी लिहिली, ‘ब्रायंडलची मुलगी पेर्ल’ म्हणून. रेब्बेंपुढे माणसाचं नाव आईच्या नावानेच जातं, तेव्हा मीही माझा हक्क बजावला आणि खाली न्हाव्याची एक ओळ घुसडली. उत्तर आलं, रेब्बेंच्या स्वतःच्या थरथरत्या हाताचं. एक तीन अक्षरी शब्द, आणि पुढे ‘उत्तम. सुखाने नांदा.’ पाठोपाठ ते गेल्याची खबर.

आता ते स्वरांच्या खुणा कधी घालत नसत, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! खुणा नाहीत, आणि हिब्रूत ‘फ’ आणि ‘प’ एकाच अक्षराचे, म्हणजे ‘सेफर’ही तेच आणि ‘सापर’ही तेच. पुस्तकही तेच आणि न्हावीही तोच. हे गरजले, “रेब्बे काय शेवटच्या घडीला न्हाव्याचं नाव घेतील?” मी म्हटलं, “पुस्तक उत्तम हे सांगायला रेब्बे कशाला हवेत? शेंबडं पोरही सांगेल.”

झालं, प्रार्थनाघरात दोन तट पडले. खाटीक न्हाव्याच्या बाजूचा, कारण त्याची दाढ गेट्झलने न रडवता काढली. मेणबत्तीवाली पुस्तकाच्या बाजूची, कारण वाचणारा माणूस मेणबत्त्या जास्त जाळतो. रोज कुणी ना कुणी पत्र बघायला येतं, त्याचा मुका घेतं आणि जाताना केक खाऊन जातं. आन्शेलला विचारलं तर म्हणाला, “दोन्ही अर्थांना आधार सापडतो,” आणि आधार शोधायला बसला. गेट्झल म्हणाला, “रेब्बे म्हणतील ते. फक्त जरा लवकर ठरवा, माझा हात कापतोय, कुणाचा तरी कान जाईल.”

शेवटी पेर्लच बोलली. शुक्रवारी मेणबत्त्या लावून झाल्यावर म्हणाली, “बाबा, तुम्ही पुस्तक वाचलंत ना, मग पुस्तक. मी नाही म्हणणार नाही.” आणि ताटं मांडायला लागली. ही पोर गुणगुणल्याशिवाय कधी ताट मांडत नाही, त्या दिवशी नुसता ताटांचा आवाज. यांनी माशाला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं दादा, पोरीचं आणि यांचंही.

आज सकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि चुलीकडे बघत म्हणाले, “रेब्बे लिहिताना शब्द पुटपुटायचे. तुझा भाऊ शेजारीच असायचा. विचार त्याला.” मी म्हटलं, “तुम्हीच लिहा की.” तर म्हणाले, “मी विचारलं तर मला बरं वाटावं म्हणून तो पुस्तक म्हणेल. तू विचार.” आणि स्वतःच्या हाताने दौत माझ्यापुढे ठेवली. म्हणून विचारते. रेब्बे ‘सापर’ पुटपुटले असतील, तर ठसठशीत खुणा देऊन लिही आणि लग्नाला ये. ‘सेफर’ म्हणाले असतील, तर तेच लिही, खोटं लिही असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त तुझ्या नेहमीच्या अक्षरात लिही, जे आपल्या आईलाही कधी लागलं नाही. आणि लग्नाला तरीही ये.

तुझीच, उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ब्रायंडल